निवड म्हणजे नशीब नव्हे

महोदय,

‘कुणाला तारायचं हे देवाने आधीच निवडलं असेल तर माणसाने धडपडायचं कशाला?’ असं विचारून एका वाचकाने आपल्या सदरात ख्रिस्ती शिकवण ‘असेल माझा हरी’च्या पंक्तीला बसवली. प्रश्न खरा आहे, तरुणपणी मलाही त्याने छळलंय. निष्कर्ष मात्र पटत नाही.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय २७ वाचावा. आम्हा बंदरावरच्या माणसांना तो लगेच कळतो. येशूचा प्रेषित पौल, त्याला कैदी म्हणून रोमला नेणारं तारू वादळात सापडलंय, त्यावर २७६ माणसं. देवदूत पौलाला सांगतो, एकाचाही जीव जाणार नाही. म्हणजे शब्द मिळाला. तरीही नांगर टाकायच्या बहाण्याने खलाशी लहान होडी सोडून पळू बघतात, तेव्हा हाच पौल शताधिपतीला, म्हणजे शिपायांच्या रोमन अधिकाऱ्याला, बजावतो की हे लोक तारवावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. शेवटी सगळे माल्टाच्या किनाऱ्याला लागतात ते कुणी पोहत, कुणी फळ्या धरून. वचन पुरं झालं, आणि हातपायही मारावेच लागले.

‘निसर्ग’ वादळाच्या आदल्या संध्याकाळी, २ जून २०२० ला, आमच्या घरी प्रार्थना झाली आणि ‘आमेन’ म्हणून भाऊ पत्र्यावर दगड ठेवायला शिडी चढला. त्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही.

१८२३ साली बाणकोटला आलेले स्कॉटिश मिशनरी पूर्वनियोजन, म्हणजे देवाची ही आधीची निवड, कट्टरपणे मानणाऱ्या परंपरेतले. तरी त्यांनी मराठी शिकून शाळा काढल्या. पौलाच्याच रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात मातीचं काय घडवायचं ते ठरवणारा कुंभार आहे, दहाव्यात ‘सांगणारा नसेल तर ऐकतील कसे’ हा सवाल. दोन्हींचा मेळ पौल गणितासारखा सोडवून दाखवत नाही. दोन्ही खरं मानतो, एवढंच.

खरं दुखणं वेगळंच आहे. चर्चकडे पाठ फिरवलेल्या एका मुलाच्या आईला आमच्यातलाच एक जण म्हणाला, ‘तो निवडलेला नसेल.’ ती माउली बाकावर तशीच बसून राहिली, गीतपुस्तक उघडलंच नाही. निवडलेल्यांची यादी देवाने कुणाच्या हाती दिली आहे? तो मुलगा रोज संध्याकाळी जेटीवर असतो. त्याच्याशी जाऊन बोलणं आमच्या हातात आहे, आणि गेल्या महिन्यापासून मी जातो.

– एक वाचक, हर्णै (ता. दापोली)