वेळ मोजणारी शिडी आणि खेळ मोजणारी शिडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन गेमपायी मुलं वाया चालली, अशा आशयाची दोन-तीन पत्रं गेल्या महिन्यात आपल्या सदरात वाचली. लिहिणाऱ्यांची काळजी खरी आहे, मी ती रोज आमच्या दारात उभी असलेली पाहते. पण मुलं नेमकी कशासाठी तासन्‌तास बसून राहतात, हे त्यातल्या एकाही पत्रात आलं नाही. ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून लिहिते आहे.

पुण्याच्या नऱ्ह्यात, नवले पुलापासून आत, आमचं गेमिंग कॅफे आहे. आधी तिथे साधं सायबर कॅफे होतं. अ‍ॅडमिशनचे फॉर्म भरून द्यायचे, झेरॉक्स काढायच्या. आता दहा कॉम्प्युटर आणि एक कन्सोल आहे, तासाला 60 रुपये. येणारी बहुतेक मुलं इंजिनिअरिंगची, लातूर, जळगाव, संगमनेरकडून येऊन इथे रूम करून राहिलेली. मला सगळी काकू म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी मुलांच्या हट्टामुळे मी भिंतीवर पांढरा फळा लावला. कन्सोलवर टेकन या मारामारीच्या गेमच्या एकास एक लढती व्हायच्या. जिंकला की 3 गुण, हरला तर काही नाही. महिनाभरात एक मुलगा सगळ्यांच्या वर गेला. तो रोज यायचा, दिवसाला आठ-दहा लढती खेळायचा आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त हरायचा. दुसरा एक फक्त शनिवारी यायचा, समोर बसेल त्याला हरवून जायचा आणि फळ्यावर नववा होता. एका शनिवारी त्याने मला सरळ विचारलं, "काकू, हा खेळाचा फळा आहे की हजेरीचा?"

त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्या एका मुलाने मग मला इलोची पद्धत शिकवली. आर्पाड इलो हे मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि बुद्धिबळाचे जाणकार. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने 1960 मध्ये आणि जागतिक संघटनेने 1970 मध्ये स्वीकारली. आजच्या बहुतेक गेमच्या रँकमागे, म्हणजे खेळाडूला दिलेल्या पायरीमागे, हीच कल्पना आहे, पुढे तिच्यात भर पडत गेली एवढंच. आता माझ्याकडे शंभर पानी रजिस्टर आणि कॅल्क्युलेटर असतो. प्रत्येकाची सुरुवात 1500 पासून. 1500 चा मुलगा 1700 च्या मुलाला साधारण चार लढतींत एकदा हरवेल, असं गणित सांगतं. ती एक लढत त्याने मारली तर त्याला 15 गुण मिळतात आणि समोरच्याचे तेवढेच जातात. 1700 वालाच जिंकला तर त्याला फक्त 5, कारण ते अपेक्षितच होतं. बरोबरीचे दोघे असले तर 10 इकडून तिकडे. नवीन मुलाचा अंदाज नसतो म्हणून त्याच्या पहिल्या दहा लढतींचे आकडे मी दुप्पट धरते. बुद्धिबळातही नवख्याचं रेटिंग असंच वेगाने हलतं. शनिवारचा मुलगा तीन आठवड्यांत पहिला आला. रोजचा मुलगा पंधराव्या जागेवर गेला आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

या फळ्याने मला दोन गोष्टी दाखवल्या. पहिली म्हणजे सगळे वर जाऊच शकत नाहीत. एकाचे गुण वाढतात ते दुसऱ्याच्या खिशातून येतात, त्यामुळे सरासरी 1500 च्या आसपासच राहते. मुलांना मी सीईटीच्या पर्सेंटाइलचा दाखला देते: तुमच्या मागे किती जण आहेत एवढंच तो सांगतो, सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला म्हणून सगळे नव्याण्णवला जात नाहीत. दुसरी गोष्ट आई-वडिलांसाठी. मुलगा आपल्या खऱ्या पायरीवर पोचला की तो निम्म्या लढती हरतो. पद्धत नीट चालली आहे याचीच ती खूण. "सारखा हरतो तरी उठत नाही" असं एक ताई मला रडकुंडीला येऊन सांगत होत्या. त्यांचा मुलगा हरत होता कारण गेमने त्याला बरोबर त्याच्या तोलाची माणसं शोधून दिली होती. आणि उठत नव्हता तो याच कारणाने, कारण पुढची लढतही जिंकण्याजोगीच वाटते.

इथपर्यंत मला रँकबद्दल आदरच आहे. चांगली रँक पद्धत म्हणजे मुलाच्या खेळाचा प्रामाणिक अंदाज. माझी तक्रार आहे ती या अंदाजाशेजारी दुसरीच एक शिडी उभी करून दोन्हींची सरमिसळ करण्याबद्दल.

व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेमचंच घ्या, आमच्याकडे तोच सर्वांत जास्त चालतो. त्यात आयर्नपासून इमॉर्टलपर्यंत आठ पायऱ्या, प्रत्येकीचे तीन भाग आणि सर्वांत वर रेडियंट, म्हणजे एकूण 25 रँक. ही खेळ मोजणारी शिडी. अकाउंटची लेव्हल मात्र वेगळी. ती खेळलेल्या वेळाने वाढत जाते आणि खाली कधीच येत नाही. लेव्हल 20 झाल्याशिवाय रँक्ड, म्हणजे रँक ठरवणारा खेळ, खेळताच येत नाही, हे एका परीने बरं आहे, नाहीतर रोज नवं अकाउंट काढणारे नवख्यांना झोडपत बसले असते. त्यावर पुन्हा बॅटल पास, म्हणजे खेळत जाल तशी बक्षिसं देणारी पट्टी, जी ठरावीक मुदतीत भरली नाही तर राहिलेलं बक्षीस जातं. बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये तर खालच्या पायऱ्यांवर समोर कितीतरी बॉट, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेले खोटे खेळाडू, असतात, आणि झुडपात लपून शेवटच्या दहांत राहिलं तरी गुण मिळतात, त्यामुळे भरपूर वेळ देणारा मुलगा क्राउन नावाच्या वरच्या पायरीपर्यंत सहज जातो आणि आपण मोठे खेळाडू झालो असं त्याला वाटतं. सीझन संपला की सगळ्यांना खाली ढकलतात आणि चढण पुन्हा सुरू.

बारामतीहून मुलाला भेटायला आलेल्या एका वडिलांनी मला विचारलं होतं, "पोरगा म्हणतो लेव्हल 140 झाली. म्हणजे चांगला खेळतो का?" मी म्हटलं, "दादा, 140 म्हणजे तो किती बसला ते कळतं. कसा खेळतो ते विचारायचं असेल तर रँक विचारा." ते बराच वेळ काउंटरपाशी गप्प उभे होते. मग म्हणाले, "त्यानं मला पहिला आकडा सांगितला, कारण तोच मोठा होता."

मार्चमधली एक रात्र सांगते. आम्ही दहाला बंद करतो. लातूरचा एक मुलगा, सेकंड इयरचा, पाच वाजल्यापासून सात नंबरच्या मशीनवर बसलेला. गोल्डच्या तिसऱ्या भागात होता, एक पायरी चढला की प्लॅटिनम. "काकू, शेवटची एक." मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. जिंकलेल्या लढतीला 15 मिळत होते, हरलेल्या लढतीला 23 जात होते. त्याला वाटत होतं नशीब खराब आहे. नशिबाचा संबंध नव्हता. दिसणाऱ्या रँकच्या मागे गेम एक दुसरा आकडा ठेवतो, खेळाडूचा खरा अंदाज. तो दिसणाऱ्या रँकपेक्षा खाली असला की जिंकल्यावर कमी देतात आणि हरल्यावर जास्त कापतात, म्हणजे रँक हळूहळू त्या आकड्यापाशी येते. मी रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं: तीन जिंकलास तर 45, दोन हरलास तर 46. पाचातल्या तीन जिंकूनही एक गुणाने मागेच. तो त्या दोन आकड्यांकडे बघत राहिला. पाच तासांचे 300 रुपये दिले आणि गेला.

तो छुपा आकडा त्याला पाच वाजताच दिसला असता, तर सातला तो उठला असता. बुद्धिबळाचं रेटिंग कसं काढतात ते जगात कुणालाही वाचता येतं आणि पोराला आपला हिशोब घरी बसून करता येतो. मग गेममध्ये तो आकडा का झाकायचा? पुन्हा पुन्हा नवं अकाउंट काढून फसवणारे वाढतील, हे कारण मी ऐकलं आहे आणि त्यात तथ्य आहे. पण म्हणून मुलाला त्याची स्वतःची पायरीही कळू नये?

यामागचं कारण मी माझ्या गल्ल्यावरून ओळखते. हजेरीचा फळा होता त्या महिन्यात माझी कमाई जास्त झाली होती. इलोचा फळा लावल्यावर दोन मुलं येईनाशी झाली आणि वरचा एक मुलगा नंबर राखायला खेळायचाच थांबला. त्याच्यासाठी मला नियम करावा लागला की दोन आठवडे लढत नाही तर नाव खाली. लीग ऑफ लेजंड्स या गेममध्येही वरच्या पायऱ्यांवर न खेळणाऱ्याची घसरण होते. सतत वर जाणारी पट्टी गिऱ्हाइकाला धरून ठेवते, हे ज्याचा तासावर धंदा आहे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. तरीही मी तो जुना फळा पुन्हा लावणार नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावायच्या खेळांवर त्याने बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. खेळ म्हणून मान्यता द्यायची, तर त्यातली क्रमवारी खेळाडूला तपासता आली पाहिजे. रँक्ड गेममध्ये खरा आकडा आणि गुण देण्या-कापण्याचा हिशोब दाखवणं बंधनकारक करावं, आणि वेळेवर वाढणाऱ्या लेव्हलवर 'ही वेळेची मोजणी आहे' असं मराठीत, हिंदीत स्पष्ट लिहावं, अशी माझी सरकारकडे मागणी आहे. आपल्या वृत्तपत्राने ती लावून धरावी, ही विनंती.

माझं रजिस्टर काउंटरवरच असतं. कुणीही पालक येऊन आपल्या मुलाचं पान उघडून पाहू शकतात.

आपली,
एक कॅफेचालक, नऱ्हे, पुणे