संख्याशास्त्राच्या मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

पक्षाघाताचा पेशंट उपचाराच्या मुदतीत रुग्णालयात पोचावा म्हणून आशाताईंना प्रशिक्षण देऊन पाहण्याच्या आमच्या प्रकल्पाला निधी मंजूर झाल्याचं पत्र आलं. मागितली तेवढी रक्कम मिळालेली नाही. गाडीभाड्याला कात्री लागली आहे आणि एक फील्ड इन्व्हेस्टिगेटर कमी केला आहे. सॅम्पल साइझला, म्हणजे अभ्यासात किती पेशंट घ्यायचे त्या संख्येला, मात्र कुणी हात लावलेला नाही. तो तुमचा आकडा. तुमचं नाव कुठेही छापायचं नाही ही तुमची अट पाळतो, पण आभार चारचौघांतच मानणार. जिल्ह्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत हृदयविकार आणि पक्षाघातावर काही करू पाहणारी बरीच मंडळी आहेत. निधीचा अर्ज खरा कुठे घडतो हे त्यांना कुणी सांगत नाही. आमच्या कॉलेजात संशोधनासाठी वेगळी खोली नाही, माणूस नाही; आहे ती एक फाइल, आणि ती टेबलावरून टेबलावर नेणारे आपण स्वतः.

आमच्याकडे संख्याशास्त्रज्ञाकडे जायची वेळही ठरलेली असते: थिसिस बाइंडिंगला टाकायच्या आदल्या आठवड्यात. 'मॅडम, जरा टेबलं करून द्या, पी व्हॅल्यू बसवून द्या.' (पी व्हॅल्यू म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोग असेल का, हे जोखायचा आकडा.) प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बहुतेकदा त्याला शवविच्छेदन करायला सांगणं, असं फिशर या नामवंत संख्याशास्त्रज्ञाने १९३८ साली कलकत्त्यात भरलेल्या भारतीय सांख्यिकी परिषदेत म्हणून ठेवलं आहे. आमच्या विभागांत अजून पोस्टमॉर्टेमच चालू आहेत. तुमच्याकडे येताना माझा पेशंट, म्हणजे प्रस्तावाचा मसुदा, जिवंत होता, एवढं श्रेय मी घेतो.

मसुदा चाळून तुम्ही पहिलं विचारलंत, "पेशंट साडेचार तासांत आला की नाही, हे तुम्ही ठरवणार कसं?"

रक्ताच्या गुठळीने झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर साडेचार तासांच्या आत. १९९५ च्या अमेरिकेतल्या चाचणीत ही मुदत तीन तासांची होती, २००८ च्या युरोपातल्या चाचणीनंतर ती साडेचारवर गेली. त्यातही आधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करायची. आणि घड्याळ लावायचं ते पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. झोपेतून उठताना हातपाय लुळे आढळले, तर रात्री झोपला ती वेळ धरायची. एमडीच्या मुलांना हे तोंडपाठ असतं. तरी केस पेपरवर वेळ येते ती 'पहाटे ५', 'सकाळी ९' अशी गोल आकड्यात, आणि आमचा अख्खा अभ्यास त्या आकड्यावर उभा राहणार होता.

तुम्ही पाठकोऱ्या कागदावर गावचा दिवस मांडलात. धार काढणं, डेअरीवर दूध घालणं, शाळेच्या मुलांची एसटी, दुपारची भाकरी, टीव्हीवरची मालिका, मुक्कामाची गाडी. "घड्याळ विचारू नका. त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं ते विचारा." म्हणजे नातेवाइकांकडून वेळ दोन खुणांच्या मध्ये पकडायची, मग त्या गावच्या डेअरीची आणि एसटीची वेळ लावून ती तासांत उतरवायची.

वॉर्डात करून पाहिलं. एका आजींच्या सुनेने आल्या आल्या सांगितलं होतं की पहाटेच अंगावरून वारं गेलं. केस पेपरवर पाच लागले होते. खुणा लावत गेलो तेव्हा कळलं की आजी स्वतः डेअरीवर जाऊन आल्या, ओट्यावर टेकल्या आणि चहाची कपबशी हातातून सुटली. डेअरी सातला बंद होते. साडेचारातले दोन तास त्या एका आकड्याने खाल्ले होते. तो कागद आता जसाच्या तसा आमच्या प्रश्नावलीचं तिसरं पान आहे, फक्त टाइप केलेला.

मग आकड्यांची बैठक. ती सविस्तर लिहितो, कारण बरेच अर्ज इथेच आपटतात. समजा, आज शंभरातले २० पेशंट वेळेत पोचतात. आशाताईंना प्रशिक्षण दिल्यावर ते ३० होतील असं म्हणायचं, तर नेहमीच्या ५ टक्के अल्फाला (नसलेला फरक आहे असं वाटण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवरला (असलेला फरक सापडण्याची शक्यता) प्रशिक्षणाच्या आणि बिनप्रशिक्षणाच्या प्रत्येक गटात साधारण २९० पेशंट लागतात. २५ च होतील म्हटलं, तर सुमारे ११००. अपेक्षा निम्मी केली की पेशंट जवळपास चौपट. मी २९० वर खूश होतो. तुम्ही म्हणालात, "एका प्राथमिक आरोग्य केंद्रातले पेशंट सुटे सुटे कसे धरता? रस्ता तोच, ॲम्ब्युलन्स तीच, सीटी तोच." प्रशिक्षण केंद्रागणिक द्यायचं, तर हिशेबही केंद्रागणिक. एका केंद्रातून २० पेशंट आणि आपसातल्या साधर्म्याचा आकडा ०.०५ धरला, की डिझाइन इफेक्ट, म्हणजे पेशंट किती पट वाढवायचे तो गुणक, १.९५ येतो. २९० चे झाले ५६६. म्हणजे एकेका गटाला २९ केंद्रं. एका जिल्ह्याचं काम दोन जिल्ह्यांवर गेलं आणि मला शेजारच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर बसावं लागलं. त्याबद्दलही आभार म्हणायचे का, ते अजून ठरवलेलं नाही.

जागा आणि पैसा यांचा मेळ बसवायला तुम्ही मसुद्यातून हार्ट अटॅक सरळ काढायला लावलात. कार्डिओलॉजीवाले मित्र चार दिवस बोलत नव्हते. पण तुमचं म्हणणं बरोबर होतं. ईसीजी तालुक्याला निघतो, सीटीला जिल्ह्याला यावं लागतं. पेशंटचा रस्ताच वेगळा, मग त्याला एकाच मोजपट्टीत कसं कोंबायचं? ते आता स्वतंत्र अर्ज करताहेत आणि तुमचा नंबर माझ्याकडे मागताहेत. मोबाइल ॲपही गेलं. हल्ली ॲप नसलेला प्रस्ताव मागासलेला वाटतो, म्हणून ते आम्ही घातलं होतं. ते कोण वापरणार, या तुमच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

सगळ्यात कठीण गेलं ते पूर्वीच्या संशोधनाचं प्रकरण. आपल्याकडचे दोन मोठे अभ्यास निराशाजनक निघालेले. 'अटेंड' चाचणीत १४ रुग्णालयांतल्या १२५० पेशंटपैकी निम्म्यांच्या घरच्या माणसाला व्यायाम शिकवला; सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबनात फरक दिसला नाही. ती २०१७ साली छापून आली. मग आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) निधीवर झालेली 'स्प्रिंट इंडिया': चार हजारांहून जास्त पेशंट, त्यांच्या भाषेतले एसएमएस, व्हिडिओ, वही. वर्षभरात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण कमी झालं नाही, चाचणी मध्येच थांबवावी लागली. विभागातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला होता की हे एका ओळीत उरका. तुम्ही दोन्ही पहिल्याच पानावर आणायला लावलेत. "परीक्षकांपैकी एखाद्याने त्यात काम केलं असेल. तुम्ही लपवलंत तर त्याला राग येईल, मांडलंत तर तो पुढचं वाचेल." त्यातूनच आमचा मुद्दा धारदार झाला: ते दोन्ही अभ्यास झटका येऊन गेल्यानंतर सुरू होतात, आमचा घर ते सीटी या टप्प्याबद्दल आहे. प्रस्तावातलं हेच वाक्य परीक्षकांच्या शेऱ्यात उचललेलं आहे.

१०८ ची गाडी दोन्ही गटांतल्या गावांना तीच जाणार, मग एका गटाचं शिक्षण दुसऱ्यात झिरपणार नाही का, हा प्रश्न परीक्षकांनी विचारलाच. तुम्ही तो आधीच विचारून ठेवल्यामुळे उत्तर तयार होतं.

एथिक्स कमिटीचं फार लांबवत नाही. वाचा गेलेल्या पेशंटची संमती नातेवाइकाकडून घ्यायची, आणि पेशंट सावरला की त्याची स्वतःची पुन्हा घ्यायची, हा मजकूर तुम्ही सुचवला तसाच मंजूर झाला. बजेटमध्ये आशाताईंच्या प्रशिक्षणाच्या दिवसाचा मोबदला तुम्ही घालायला लावलात, तोही टिकला. निधी देणाऱ्या संस्था गाडी कापतील, पण बाईंचा बुडालेला रोज कापायला धजणार नाहीत, हा तुमचा होरा खरा ठरला.

आता एक काम. सल्लागाराच्या मानधनाचं बिल तुम्ही सही न करता परत पाठवलंत. तुमच्या स्वभावाला ते धरून आहे, पण लेखाशाखेला पटलेलं नाही. त्या शीर्षाखालची रक्कम मंजूर आहे, खर्च शून्य दाखवायचा तर उपयोगिता प्रमाणपत्राला (निधी कसा खर्च झाला त्याच्या दाखल्याला) कारण जोडावं लागतं. तेव्हा 'मानधन स्वेच्छेने नाकारत आहे' एवढं एका कागदावर लिहून, सही करून, स्पीड पोस्टाने पाठवा. व्हॉट्सॲपवरचा फोटो चालत नाही, मी विचारून पाहिलं. आणि मनात बदल झाला असेल तर बिल माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, मार्चअखेरपर्यंत चालेल.

आपला नम्र,
मेडिसिन विभागातला तुमचा (उशिराचा) विद्यार्थी