तीनशेने गुणायला शिकवणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या बैठकीत तुम्ही आम्हा सगळ्यांच्या खर्चाच्या वह्या एकेक करून तपासल्यात, चुकलेल्या बेरजा न रागावता सुधारून दिल्यात. त्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले होते. हे पत्र उघडं ठेवतो आहोत, कारण तुमच्या समोर बसायची संधी सगळ्यांना मिळणार नाही. आभार मानता मानता तुम्ही शिकवलेलं इतरांच्याही हाती लागावं, एवढीच इच्छा आहे.

निवृत्तीनंतरच्या वार्षिक खर्चाच्या पंचवीस पट पुंजी हवी, हा ठोकताळा बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेला असतो. तो ऐकला की छातीत धस्स होतं, आणि माणूस विषयच सोडून देतो. तुम्ही तोच आकडा उलटा धरलात. वर्षाचे १२ महिने गुणिले २५, म्हणजे ३००. दर महिन्याला ठरल्यासारखा जाणारा कोणताही खर्च घ्यायचा, ३०० ने गुणायचा. येईल तेवढी पुंजी त्या एका खर्चाला पोसायला लागते. महिन्याला १०० ची सवय असेल तर तिच्या पाठीशी ३०,००० उभे करावे लागतात. ती सवय सुटली तर दोन्ही टोकं एकदम जवळ येतात: दरमहा १०० शिल्लक पडतात आणि गाठायचा आकडा ३०,००० नी खाली उतरतो. पगार १०० नी वाढला आणि ते सगळे साठवले, तरी यातली पहिली बाजूच हलते. काटकसर निवृत्तीला इतकी का जवळ आणते, याचं याहून सोपं उत्तर आम्हाला कुठे मिळालं नाही.

हा २५ चा आकडा आला कुठून, हेही तुम्ही सांगितलंत. विल्यम बेंगन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या १९२६ पासूनच्या शेअर, रोखे आणि महागाईच्या आकड्यांवर हिशेब मांडला. पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के, म्हणजे पंचविसावा भाग, काढायचे, पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईइतकी वाढवत न्यायची. पुंजीचा निम्मा ते पाऊण भाग शेअरमध्ये असेल तर सगळ्यात वाईट काळात निवृत्त झालेल्या माणसालाही ती ३० वर्षं पुरली. म्हणजे हा एका देशाच्या, एका काळाच्या अनुभवावरचा अंदाज आहे, हमी नव्हे. ज्यांना ३० पेक्षा जास्त वर्षं काढायची आहेत, किंवा ज्यांची बहुतेक पुंजी ठेवींत आहे, त्यांनी ३ टक्केच धरावेत असं तुमचं म्हणणं होतं, आणि ते आम्हाला पटतं. मग पुंजी सुमारे तेहतीस पट लागते, म्हणून ३०० च्या जागी ४०० ने गुणायचं.

शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला किती वर्षं लागतील, हे तुम्ही फळ्यावर मांडलंत. महागाई वजा जाता ३ टक्के परतावा आणि २५ पट पुंजी धरली, तर उत्पन्नातले २० टक्के राखणाऱ्याला सुमारे ४७ वर्षं लागतात, ३० टक्के राखणाऱ्याला ३४, आणि निम्मे राखणाऱ्याला १९. या हिशेबात उत्पन्न किती आहे हा प्रश्नच येत नाही. त्यातला कितवा भाग मागे राहतो, तेवढंच लागतं.

पेन्शन मिळणार असेल तर ती आधी मासिक खर्चातून वजा करायची आणि उरलेल्यालाच ३०० ने गुणायचं. इथे मात्र फसगत होते. महागाईबरोबर वाढणारी पेन्शन पूर्ण वजा करता येते, ठरीव रकमेची नाही. ७२ ला महागाईच्या दराने भागलं की किंमत निम्मी व्हायला किती वर्षं लागतात ते कळतं. (इटालियन गणितज्ञ लुका पाचोली याने १४९४ मध्ये छापलेल्या ग्रंथात हा नियम आहे, पाचशे वर्षं टिकलेली युक्ती!) दर ६ टक्के असेल तर ठरीव पेन्शन १२ वर्षांत निम्म्या किमतीची होते आणि २४ वर्षांत चतुर्थांश. साठीत भरघोस वाटणारी रक्कम चौऱ्याऐंशीव्या वर्षी कशी दिसेल, ते आधी बघायला तुम्ही शिकवलंत.

आता वहीबद्दल. खर्च त्याच दिवशी लिहायचा, पूर्णांकात लिहायचा आणि सदरं आठाच्या वर जाऊ द्यायची नाहीत. तीस सदरांची वही तिसऱ्या आठवड्यात बंद पडते, कारण एकच खरेदी चार ठिकाणी वाटत बसावी लागते आणि मग लिहिणंच नकोसं होतं. किरकोळ पैसे जुळले नाहीत तर ‘इतर’मध्ये टाकून पुढे जायचं, मात्र ‘इतर’ हे सदर एकूण खर्चाच्या विसाव्या भागापेक्षा मोठं झालं की ते उघडून बघायचं. तीन महिन्यांच्या नोंदींवर निवृत्तीचा आकडा काढणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण वर्षातून एकदाच येणारे खर्च त्यात पडतच नाहीत: विम्याचा हप्ता, घराची डागडुजी, मालमत्ता कर, एखादा प्रवास. पूर्ण १२ महिने लिहून बेरजेला १२ ने भागायचं. मोठ्या वस्तूंचंही तसंच. वस्तूची किंमत भागिले तिच्या आयुष्याचे महिने, हा तिचा मासिक खर्च. दहा वर्षं चालणाऱ्या यंत्राची किंमत १२० ने भागून दरमहा तेवढे वेगळे काढून ठेवले, की ते बंद पडतं त्या दिवशी पुंजीला हात लावावा लागत नाही.

हे सगळं कुणी जाणता हिशेबनीसही सांगेल. आम्ही सर्वांत जास्त ऋणी आहोत ते वहीच्या शेवटच्या रकान्याबद्दल. गरजेपलीकडच्या प्रत्येक खर्चापुढे तो रकाना सात दिवस कोरा ठेवायचा. आठव्या दिवशी विचारायचं: ते आठवलं का, आणि आठवून बरं वाटलं का? दोन्हीला हो असेल तर टिंब, नसेल तर रेघ. त्याच दिवशी खूण केली तर जवळजवळ सगळीकडे टिंबच पडतं, कारण नवी वस्तू पहिल्या दिवशी आवडतेच. मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये हेच मांडलं होतं: सुख वाढलं की माणूस त्याला सरावतो आणि पूर्वीच्याच पातळीवर येऊन ठेपतो. १९७८ मध्ये ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्यांना विचारलं. मित्राशी गप्पा, एखादा विनोद, मासिक वाचणं अशा रोजच्या गोष्टींतला त्यांचा आनंद इतरांपेक्षा कमी निघाला. मोठं सुख आलं आणि लहान सुखांची चव घेऊन गेलं. तो अभ्यास छोटा होता, मोजक्याच माणसांचा. पण वर्षभर त्या रकान्यात टिंबं आणि रेघा ओढणाऱ्याला ही गोष्ट नवी वाटत नाही. टिंबं कुठे दाटतात ते बघायचं, तिथे हात आखडायचा नाही. रेघांना ३०० ने गुणायचं.

यातूनच तुमचा दुसरा धडा निघाला, की सुखाचीही तरतूद आधी करावी लागते. फुकटातल्या आनंदालाही कौशल्य, साधन आणि सोबती लागतात, आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी यातलं काहीच आपोआप दारात येऊन उभं राहत नाही. आकाश बघण्याचं उदाहरण तुम्ही दिलं होतंत. दुर्बीण एकदाच घ्यायची, तिच्यावर मासिक खर्च शून्य, म्हणून ३०० चा गुणाकार लागत नाही. १० बाय ५० म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची. ५० ला १० ने भागलं की ५ येतात. डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा. वय वाढलं की बाहुली अंधारातही तरुणपणाइतकी मोठी होत नाही, त्यामुळे ७ बाय ५० चा ७ मिलिमीटरचा झोत पिकल्या डोळ्यांना बऱ्याचदा वाया जातो. दहापटीला हात थरथरतो ही खरी अडचण. भिंतीला पाठ टेकून, कोपर खुर्चीच्या हातांवर ठेवून बघितलं की चित्र स्थिर होतं. वजन झेपत नसेल तर ८ बाय ४२. गुरूजवळ एका रेषेत दिसणारे चार ठिपके, म्हणजे त्याचे चंद्र, वहीत काढायचे आणि दुसऱ्या रात्री पुन्हा काढायचे. त्यातला आयो साडेबेचाळीस तासांत एक फेरी पूर्ण करतो, म्हणून चित्र रोज बदलतं. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये असंच टिपून ठेवलं होतं. सूर्याकडे मात्र ती दुर्बीण कधीही वळवायची नाही. डोळा कायमचा जातो. दुर्बीणही नसेल तर एकाच खिडकीतून चंद्रोदयाची वेळ लिहीत जायची. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, पण ही सरासरी रोज पाळत नाही, आणि ती का पाळत नाही हे शोधण्यात एक वर्ष सहज जातं.

आणि ते बटण! काटकसर म्हणजे मन मारणं नव्हे, हे पटवायला तुम्ही कुणाच्या तरी सदऱ्याचं तुटलेलं बटण पुढे ओढलंत. धागा दुहेरी, शेवटी गाठ. सुई कापडाच्या मागून वर काढायची आणि बटणावर आगकाडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घालायचे, छिद्रांच्या प्रत्येक जोडीला तीन-चार. मग काडी काढायची, बटण वर ओढायचं, आणि बटण व कापड यांच्यामध्ये मोकळ्या झालेल्या धाग्याभोवती सुईतला धागा पाच-सहा वेळा घट्ट गुंडाळून मागे गाठ मारायची. बटणाला देठ तयार होतो. देठाशिवाय घट्ट शिवलेल्या बटणाला काजाच्या पट्टीची जाडी मावायला जागा उरत नाही. दरवेळी लावताना धागा ताणला जातो, आणि धागा मजबूत असला तर कापडच फाटतं. पाच मिनिटांचं काम, पण ते नीट जमलं की दिवसभर त्या बटणाकडे बघावंसं वाटतं. हे टिंब पैशांच्या रकान्यात दिसत नाही, तरी आम्ही ते देतो.

कुठे काटकसर करायची नाही, हेही तुम्ही तितक्याच ठामपणे सांगितलंत. दात, डोळे, पायातली पादत्राणं, आरोग्यविमा आणि माणसांकडे जाणं-येणं. दातातली लहान कीड वेळीच भरली नाही तर मुळापर्यंतचा उपचार करावा लागतो, आणि हप्ता चुकून बंद पडलेला विमा उतारवयात पुन्हा मिळेलच असं नाही. घरी कुणी येऊ नये म्हणून वाचवलेला पैसा तुम्ही बचतीत धरतच नव्हता.

शेवटी ती रंगीत तालीम. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सलग सहा महिने निवृत्तीच्या बजेटातच राहायचं, वरचा पगार न शिवता बाजूला टाकायचा. एका महिन्याने काही कळत नाही, कारण पहिला महिना उत्साहात निघून जातो आणि खरेदी पुढे ढकलली जाते. खरा आकडा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिसतो. बाजूला पडलेल्या पगारातून निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांच्या खर्चाची रोख गंगाजळी उभी करायची. तिची गरज तुम्ही एका आकडेमोडीत दाखवलीत. पुंजी १००, दरवर्षी सुरुवातीला ५ काढायचे. आधी ३० टक्के घसरण आणि मग ४० टक्के वाढ झाली तर उरतात ८६.१. तीच दोन वर्षं उलट क्रमाने आली तर ८९.६. काहीच काढलं नसतं तर दोन्हीकडे ९८ च राहिले असते. पडत्या बाजारात विकलेला हिस्सा पुन्हा वर येत नाही, म्हणून पहिली वाईट वर्षं गंगाजळीवर काढायची.

तालमीचे सहा महिने आमच्यातल्या तिघांचे या महिनाअखेरीस पूर्ण होतात. त्यांच्या वह्या पहिल्या रविवारी घेऊन येतो. शेवटच्या रकान्यातली टिंबं आधी मोजा, बेरजा नंतर तपासा.

तुमचे,
रविवारच्या बैठकीतले सगळे