पुराच्या अंधारात ओठ कसे वाचतात ते एकदा दाखवा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

कालच्या रविवारच्या पुरवणीतली ती पुराची कथा वाचली. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर सकाळपासून 'डोळ्यात पाणी आलं' असे मेसेज चालू आहेत, मला पण काहीतरी आलं पण ते पाणी नव्हतं. लेखक मोठे असतील, भाषा छान आहे, कृष्णामाईचं वर्णन तर एक नंबर, त्याबद्दल अभिनंदन. पण तो भैरू! बहिरा, अनाथ, कुणी काही केलं तरी हसणारा, अख्ख्या गल्लीची कामं फुकटात करणारा, आणि शेवटी मालकाच्या मुलीला वाचवून स्वतः वाहून जाणारा. जाता जाता तोंडातून 'ताई' असा शब्द. जन्मात कधी न बोललेला माणूस गळ्यापर्यंत पाण्यात असताना खणखणीत 'ताई' म्हणतो, म्हणजे स्पीच थेरपीवाल्यांनी दुकानं बंद करून पेशंट आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलावर न्यायला हरकत नाही.

माझा सख्खा मोठा भाऊ जन्मापासून बहिरा आहे, वहिनी पण. त्यामुळे मला राग आला तर आला.

कथेत रात्रीची वेळ, लाईट गेलेली, धो धो पाऊस, आणि भैरू लांबच्या नावेतल्या माणसाचे ओठ वाचून ओळखतो की मुलगी माडीवर अडकली आहे. अहो भर उजेडात, समोर बसून, घरातलं माणूस सावकाश बोलत असलं तरी दादाला निम्मंसुद्धा नीट कळत नाही, बाकीचा सगळा अंदाज. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता मामा, बाबा, पापा म्हणून बघा, तिन्हीला ओठ सारखेच हलतात. क आणि ग तर घशातच राहतात, बाहेर काय दिसणार. त्यात समोरच्याला मिशा असतील किंवा तोंडात मावा असेल तर विषयच संपला, आणि नावाड्याची दाढी छातीपर्यंत आहे असं लेखकानंच चार ओळी आधी लिहिलंय.

आता खरं काय होतं ते सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दादा-वहिनी गावभागात आमच्या जुन्या घरात होते, मी इकडे विश्रामबागला. गाडीवरून भोंगे फिरत होते, पाणी वाढतंय, घरं सोडा. भोंगा! दादाला कळलं ते समोरचे लोक गाड्या चढावर न्यायला लागले आणि एकानं फ्रिज माडीवर चढवला तेव्हा. तरी निघाला नाही, २००५ ला पाणी जिथं थांबलं तिथंच थांबणार म्हणून बसला, कारण तो हट्टी आहे, आणि त्यात ऐकू येणाऱ्या सांगलीकरांपेक्षा तो काही वेगळा नाही, निम्मी गल्ली तेच म्हणत बसली होती. ह्यावेळी आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं ते तुम्हाला माहितीच आहे.

मग लाईट गेली. तुम्ही आम्ही अंधारात गप्पा मारत रात्र काढू शकतो, ह्या दोघांचं बोलणंच बंद. हातानं बोलणाऱ्याला हात दिसायला लागतात. मोबाईल डाऊन म्हणजे व्हिडिओ कॉल पण गेला. मग वहिनीनं काय केलं, टॉर्च हनुवटीखाली दाबून धरला, उजेड स्वतःच्या हातांवर पाडला आणि बोलायला लागली, तिचं झालं की टॉर्च दादाकडे. आणि बोलत काय होते, तर भांडत होते! काल निघूया म्हणत होते तर तू ऐकलं नाहीस म्हणून. टॉर्च पिवळा पडायला लागला तशी वहिनी म्हणाली भांडण उद्या, आता सेल वाचव, आणि मग दोघं एकमेकांच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढत बसले. हे कुठल्याही कथालेखकाला घरी बसून सुचणार नाही, विचारलं असतं तर वहिनीनं चहा पाजून सांगितलं असतं.

बोट आली तेव्हा बोटीतल्या पोरांनी दादाच्याच तोंडावर टॉर्च मारून किती जण आहात म्हणून विचारलं. ज्याच्या डोळ्यावर उजेड त्याला समोरचं काय दिसणार? दादानं जोरात हाका मारल्या, त्याचा आवाज जड येतो, शब्द तुटके, तर एक जण म्हणाला 'टाईट आहे हा, पुढचं घर घ्या आधी'. शेजारच्या वहिनींनी ओरडून सांगितलं तेव्हा परत आले. पोरं जीवावर उदार होऊन काम करत होती, त्यांना नावं ठेवत नाही. पण लोकांच्या डोक्यात बहिरा म्हणजे हसरा गप्प भैरूच बसवलेला असला तर ओरडणारा माणूस दारूडाच वाटणार ना?

भैरूला बायको नाही, मित्र नाही, राग नाही, भाषा पण नाही, नुसते 'केविलवाणे हातवारे'. हातवारे काय, रीतसर भाषा आहे ती, दिल्लीत २०१५ पासून तिची सरकारी संस्था आहे, दहा हजार शब्दांचा कोश निघालाय. आमचा दादा चेंगट आहे, रमीत पत्ते लपवतो, आणि ओळखीतल्या प्रत्येकाला त्यानं हातानं एकेक नाव ठेवलंय, शेजारच्या काकांचं तर पेपरात लिहिण्यासारखं नाही. मी म्हणत नाही की अपंग माणूस कथेत चांगलाच दाखवा. वाईट दाखवा की, खुशाल, पण सिरियलमधला शकुनी लंगडतोच आणि मंथरेला कुबड असतंच तसला वाईट नको, दादासारखा वाईट दाखवा.

भाच्यानं पाठवलं म्हणून कळलं, २०२४ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानं, चंद्रचूड साहेबांच्या बेंचनं, एका हिंदी पिक्चरच्या केसमध्ये हेच सांगितलंय की असली साचेबंद पात्रं टाळा आणि लिहिताना अपंग लोकांना बरोबर घ्या. कोर्टाचं राहू द्या. तुमच्याच पुरवणीत कुणी द्राक्षबागेवर कथा लिहिली आणि एप्रिल छाटणीला घड धरले (धरतात ऑक्टोबर छाटणीला) असं लिहिलं तर तासगावचे बागायतदार तुमच्या ऑफिसात येऊन बसतील. म्हणून लेखक तिथं आधी चौकशी करून लिहितो. इथं कोण येणार भांडायला, असं असावं.

दादाला कथा वाचायला दिली. वाचून म्हणाला (हातानंच), बरं झालं मेला, गावात एक माणूस बोलत नव्हता त्याच्याशी.

आणि आता विषय निघालाच आहे तर, त्याच अंकात पान ४ वर खाली कोपऱ्यात बातमी आहे, कर्णबधिरांसाठी मोफत तपासणी आणि प्रमाणपत्र शिबिर, 'अधिक माहितीसाठी फोन करा'. खाली लँडलाईन नंबर. नंबर दादानं मला दाखवला आणि नुसता माझ्या तोंडाकडे बघत बसला. मीच लावला, कुणी उचलला नाही. व्हॉट्सॲप नंबर छापायला जागा नव्हती म्हणावं तर वरच्याच चौकटीत तुमच्या कथास्पर्धेसाठी दोन दिलेत. त्यातल्या एकावर हे पत्र पाठवतेय.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली