कंपनीतल्या जवानांच्या घरांविषयी, चि. निखिलला

हर्णै, ता. दापोली

चि. निखिल यास आईचे अनेक आशीर्वाद.

फौजेतली एक कंपनी तुझ्या हाताखाली आल्याचं कळलं, फार आनंद झाला. पुढं कुठं आणि कधी जायचं हे मी विचारत नाही, तूही पत्रात लिहू नकोस. पण जाण्याआधी जवानांच्या घरांसाठी काय करून ठेवायला हवं ते सविस्तर लिहिते. रेकॉर्ड ऑफिसच्या, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीच्या, बाबी बाबांनी शेजारी बसून सांगितल्या, घरच्या बाजूचं माझं.

क्वार्टरमधली कुटुंबं तुझ्या डोळ्यांसमोर असतात. गावी राहणारी दिसत नाहीत, म्हणून त्यांची काळजी जास्त घ्यावी लागते. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्यासारख्या गावात पिढ्यान् पिढ्या लोक फौजेत गेलेले, तिथं कुठला कागद कुठं द्यायचा हे शेजारचे निवृत्त सुभेदारच सांगतात. मंडणगड-गुहागरच्या एखाद्या वाडीतून मात्र एकटाच पोरगा भरती झालेला असतो. त्याच्या आईला नि बायकोला युनिट म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. अशी घरं आधी शोध.

पहिलं काम कागदांचं. लग्न, मूल, मृत्यू, नावातला बदल, प्रत्येक गोष्टीचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरी ती नोंदवणारा हुकूम, निघाला आहे का, हे हेड क्लार्कला एकेका जवानाला समोर बसवून शीट रोलवरून (त्याच्या नोकरीच्या नोंदपत्रावरून) तपासायला सांग. रोल कॉलला, म्हणजे हजेरीला, ‘कुणाचं काही राहिलंय का?’ असं विचारलंस तर सगळे गप्प बसतील. आपल्याकडची खास अडचण बायकोच्या नावाची. लग्नात अजून कित्येक घरांत मुलीचं नाव बदलतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर तेच, पार्ट टू ऑर्डरमध्ये सासरचं, आणि बँकेत इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. सावंतांचं एकीकडे व्ही, दुसरीकडे डब्ल्यू. नवरा नोकरीत असेपर्यंत याचं काही अडत नाही. फॅमिली पेन्शनची वेळ आली की तीच बाई दोन वेगळ्या व्यक्ती ठरते, आणि महिनोन् महिने खेटे घालते. उपाय साधा आहे: एकच नाव ठरवायचं, गरज असेल तिथं राजपत्रात बदल छापून घ्यायचा, आधार, पॅन, पासबुक तसं करून घ्यायचं, मग पार्ट टू ऑर्डर. याला वेळ लागतो, म्हणून सुरुवात आजच हवी.

नॉमिनेशनही बघ. ग्रुप इन्शुरन्स, पीएफ, बँक खातं, तिन्ही वेगवेगळी असतात आणि लग्नाआधी भरलेली तशीच राहतात. मग सगळी रक्कम आईच्या नावे आणि सून रिकाम्या हाती, असं होतं. कुणाला किती टक्के द्यायचे हा जवानाचा निर्णय, त्यात तू पडू नकोस. त्यानं तो विचार करून घेतला आहे आणि कागदावर उतरवला आहे, एवढं पाहा. अग्निवीरांच्या आईवडिलांना मात्र तूच नीट समजाव: नोकरी 4 वर्षांची, रजा वर्षाला 30 दिवस, विमा 48 लाखांचा, पेन्शन नाही. गावात या बाबतीत फार चुकीचं ऐकीव फिरतं.

पैशांचं बोलते. पगार जवानाच्या खात्यात, एटीएम कार्ड त्याच्या खिशात, आणि तो अशा जागी जिथं रेंज नाही. गावी बायको उसनं मागत फिरते. तिचं स्वतंत्र खातं हवं, आणि दर महिन्याच्या सुरुवातीला ठरलेली रक्कम आपोआप तिथं जाईल अशी बँकेला लेखी सूचना हवी. आईवडिलांची रक्कम वेगळी, त्यांच्या खात्यात. एकाच्या हातून दुसऱ्याला पैसे देण्याची वेळ आली की घरात कुरबुर होते आणि तिचा त्रास चौकीवरच्या माणसाला होतो. घरचे मासेमारीवर असतील तर 1 जून ते 31 जुलै बंदीचा काळ, तेव्हा घरात दुसरी मिळकत नसते. त्या घरांची जून-जुलैची रक्कम वाढवायला जवानाला आठवणीनं सांग.

आता संपर्काची यादी. एका घराला एक नंबर पुरत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आपल्या दापोली-मंडणगड भागात वीज आणि फोन किती दिवस बंद होते हे तुला माहीत आहे. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हाही तेच. म्हणून प्रत्येक घराचे निदान तीन नंबर घे: घरातला, वाडीतल्या पोलीस पाटलांचा किंवा शेजाऱ्यांचा, आणि तिसरा कोकणाबाहेरच्या नातेवाइकाचा, मुंबईच्या भावाचा वगैरे. गावची खबर आधी मुंबईला पोचते. यादीत गाव, वाडी, जवळचं स्टेशन, गरोदर बाईची तारीख, हृदयविकार असलेलं माणूस, तान्हं मूल हेही लिही. दर तीन महिन्यांनी नंबर तपास. ही यादी कागदावर सीएचएमकडे (कंपनी हवालदार मेजरकडे) आणि तुझ्याकडे ठेव, व्हॉट्सॲपवर फिरू देऊ नकोस.

त्याच तालुक्यातला एक भरवशाचा निवृत्त जेसीओ, म्हणजे नायब सुभेदार किंवा सुभेदार, बघून ठेव. रजेवर येणाऱ्या जवानाला वाटेवरच्या दोन घरांत डोकावून यायला सांग, आल्यावर त्याच्याकडून ऐकून घे. घराचं छप्पर, सासऱ्यांचं आजारपण, मुलांची शाळा, या गोष्टी जवान स्वतः तुला सांगणार नाही.

जमिनीचं प्रकरण बारकाईनं हाताळ. आपल्या सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं असतात. आजोबा गेले की वारसनोंद होते, नोटिशीनंतर हरकतीला 15 दिवस मिळतात, आणि तेवढ्यात माणूस सीमेवरून येऊ शकत नाही. युनिटचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांना आणि प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला जाऊ दे. खरं-खोटं ठरवणं तुझं काम नाही, पत्रात फक्त जवान कामगिरीवर असल्यानं हजर राहू शकत नाही एवढंच लिही. कोर्टात दावा असेल तर भारतीय सैनिक (दावे) अधिनियम, 1925 आहे. विशेष परिस्थितीत सेवा करणाऱ्यासाठी दाखला गेला की कोर्ट कामकाज थांबवू शकतं. वकिलाला हा कायदा माहीत असेलच असं धरून चालू नकोस.

दवाखान्याचं थोडक्यात. दापोलीहून लष्करी रुग्णालय म्हणजे कुलाब्याचं अश्विनी किंवा पुणे, दक्षिणेकडच्यांना बेळगाव. तातडीत बाई जवळच्या खासगी दवाखान्यातच जाणार. तातडीचा दाखला, डिस्चार्ज कार्ड आणि मूळ बिलं जपायची, आणि त्याच दिवशी युनिटला कळवायचं, हे घरी लिहून ठेवलेलं असू दे. डिपेंडंट कार्डाची, म्हणजे जवानाच्या कुटुंबीयांच्या ओळखपत्राची, झेरॉक्सही लागते.

रजेचं वेळापत्रक जानेवारीतच कर. कोकणातल्या सगळ्यांना गणपती हवा, नाहीतर शिमगा. एकाला गणपती दिला तर दुसऱ्याला शिमगा, पुढच्या वर्षी उलट, आणि हे सगळ्यांसमोर लावून टाक. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तारीख त्याआधी पक्की हवी. पावसाळ्यात कोकण रेल्वे हळू धावते, दरडही पडते, म्हणून परतीला एक दिवस हातचा ठेवू दे.

एक अवघड गोष्ट. वाईट बातमी फोनवर कधी देऊ नये. वर्दीतला माणूस दारात गेला पाहिजे, सोबत ओळखीचं कुणी हवं, आणि आधी कुणाला सांगायचं हे जवानानं स्वतः लिहून दिलेलं हवं. त्याआधी कंपनीतून एकही मेसेज बाहेर जाता कामा नये. टीव्हीवाले अंगणात आल्यावर आईला कळणं, यासारखा दुसरा अन्याय नाही.

सूनबाईंना सांग, जवानांच्या बायकांच्या वेल्फेअर मीटमध्ये नाच-गाण्याला अर्धा वेळ पुरे, उरलेल्या वेळात हेड क्लार्कला बसवून बायकांचे कागद तपासून घ्यावेत.

आणि प्रत्येक घराला तुझ्या सहीचं एक पत्र जाऊ दे, जवानाच्या घरच्या भाषेत. त्यात तुझं नाव, सीएचएमचा नंबर, कुठल्या अडचणीत कुणाला फोन करायचा आणि कुठली माहिती कुणालाही सांगायची नाही, एवढं पुरे. मराठी मसुदा करून पाठव, बाबा तपासून देतील.

तुझी आई