'मला काहीच वाटलं नाही' म्हणालीस म्हणून

प्रिय बाळा,

काल फोनवर मी नुसतं 'शहाणी माझी ती' म्हणाले आणि विचारायचं होतं ते राहूनच गेलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बाबा म्हणाले, उगाच काळजी करतेस. म्हणून ठरवलं, या पत्रात काळजी करायची नाही, फक्त कौतुक करायचं.

आणि कौतुक आहेच गं. तुझ्या कामावरच्या त्या बाईंनी सगळ्यांसमोर तुझे कागद टेबलावर आपटले, नको ते बोलल्या, आणि तू 'दुरुस्त करून आणते' एवढंच म्हणालीस. दोन दिवसांनी त्यांचंच काम अडलं तेव्हा तूच उशिरापर्यंत थांबलीस. तुझ्या वयात मला हे जमलं नसतं. आजी असती तर तुझी दृष्ट काढली असती.

पण मग तू म्हणालीस, 'मला काहीच वाटलं नाही.' बाळा, ते वाक्य माझं आहे. तू ते कुठून उचललंस, मला पक्कं ठाऊक आहे.

दादाचा निकाल लागला होता त्या दिवशी आत्या भरल्या घरात म्हणाल्या होत्या, 'हिला दोन पोरं धड वाढवता येत नाहीत.' मी हसले आणि आतल्या खोलीत जाऊन चादरींच्या घड्या घालू लागले. तू सहा-सात वर्षांची असशील. समोरची दोन टोकं तू धरली होतीस. एकच चादर मी घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. तू विचारलंस, 'आई, झाली की घडी, परत का मोडलीस?' मी म्हणाले, 'काही नाही गं.'

पुढे अकरा वर्षं मी आत्यांशी गोड बोलले. सगळे म्हणायचे, किती सोशिक आहे. आणि मी मनात त्यांच्या एकेका शब्दाचा हिशेब ठेवत होते. चांगुलपणा नव्हता तो. त्या आजारी पडल्या तेव्हा एका दुपारी उशाशी बसून मी सांगून टाकलं, 'तुमचं ते बोलणं मला फार लागलं होतं.' त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, 'मला तर आठवतही नाही गं.' अकरा वर्षं, बाळा! त्यांना आठवतही नव्हतं.

म्हणून सांगते, मऊ बोल, पण गिळू नकोस. राग आला की कान तापतात, छाती धडधडते, तेव्हा उत्तर देऊ नकोस. श्वास सावकाश सोड, पाणी पी. रात्री मेसेज लिहिलासच तर पाठवू नकोस, सकाळी उठून वाच. मग त्या बाईंना एकट्या असताना गाठून सांग, 'चूक दाखवा, मी सुधारेन, पण चारचौघांत असं बोलू नका.' आवाज चढवायची गरज नाही. पुन्हा तसंच झालं तर वरच्यांच्या कानावर घाल, त्यात काही वाईट नाही. आणि त्यांच्याही घरी काही चाललं असेल, हे... जाऊ दे. बघ, लागले मी शिकवायला. माफ कर. तू अडलेल्या माणसासाठी थांबलीस, तुला मी काय शिकवणार?

झोप लागते ना पण? जेवण जातं ना? दादाला विचारलं तर म्हणतो, 'ती खंबीर आहे.' मलाही सगळे खंबीरच म्हणायचे.

तू त्यांच्यासाठी थांबलीस ते मनापासून होतं, हे मला तुझ्या आवाजावरून कळलं. तिथे माझ्या मनात शंका नाही. शंका त्या आधीच्या दोन दिवसांची आहे. ते दोन दिवस तू कुणाशी बोललीस?

रविवारी फोन करशील तेव्हा लगेच 'मी बरी आहे' म्हणू नकोस. आधी एवढं सांग, टेबलावरचे ते कागद गोळा करताना तुझे हात थरथरत होते का?

तुझी,
आई