सर्व्हर आणि अध्यक्षांचा भाचा

महोदय,

आमच्या सोसायटीची वेबसाइट गेल्या महिन्यात हॅक झाली. लगेच सभेत वाद सुरू: वेबसाइट ज्यावर चालते तो सर्व्हर लिनक्सचा हवा की विंडोजचा! प्रत्यक्षात ॲडमिनचा पासवर्ड म्हणजे सोसायटीचंच नाव होतं आणि अपडेट दोन वर्षं रखडलेले. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचं तरी वेगळं काय झालं? तिच्या वेबसाइटमागच्या अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीवरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ती लावायची राहिली, मे महिन्यात चोर शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. हिंजवडीचं आयटी पार्क हाकेच्या अंतरावर असूनही आपल्याकडे 'कॉम्प्युटरमधलं जरा कळतं' एवढी पात्रता पुरते. लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार आम्ही मुकाट्याने करतो. सर्व्हरसाठी मात्र अध्यक्षांचा भाचा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे